स्क्रूवरचा लाल ठिपका

मेश्राम सरांनी तिसऱ्यांदा तेच सांगितलं. "बाई, ही माही बायको नाही."

रिसीव्हरमधून त्यांच्या बायकोचंच गाणं सुरू होतं. टीव्हीच्या पडद्यावर तिचं नाव आलं होतं: सुलोचना मेश्राम, कॅसेट सतरा, बाजू बी. ते नाव मी टाकलं होतं. कॅसेटही मीच माझ्या हातानं डेकमध्ये घातली होती. मला राग आला. बायको जाऊन दोन वर्षं झालेल्या म्हाताऱ्यावर रागावू नये, हे मलाही कळतं. पण त्या आठवड्यात त्यांचे तीन जिने मी चौथ्यांदा चढले होते आणि माझे गुडघे दुखत होते.

"मंग कोण आहे?" मी विचारलं.

"कोणी पोरगी आहे," सर म्हणाले. "हिच्यासारखं गाऊन राहिली. पण ही ती नाही."

माझं शिक्षण चौथीपर्यंत. तेराव्या वर्षी सदर भागातल्या एका रेडिओच्या दुकानात ट्रान्सफॉर्मरला तार गुंडाळायला लागले. बायकांची बोटं बारीक असतात म्हणून मालक त्या कामाला बायका ठेवायचा, बाकी पुळका काही नव्हता. पुढे सोल्डरिंग शिकले, मग रेडिओ, टेप, ॲम्प्लिफायर. मालक गेल्यावर त्याच्या पोरानं समोर मोबाइलचं दुकान टाकलं आणि मागची खोली मला दिली. तिथंच अजून बसते. सत्तरी ओलांडली. इंग्रजी अक्षरं ओळखते, वाक्य वाचता येत नाही. पण मशीनच्या मेनूत वाक्यं नसतात. दहा-पंधरा शब्द असतात, ते पाठ होतात. आकडे तर सगळीकडे आकडेच.

आता दुरुस्तीला टेप फार येत नाहीत. लोक म्हणतात, घरात पडलेल्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून द्या आणि त्या हॉलमधल्या मोठ्या मशीनवर वाजतील असं करा. ते काम असं असतं. कॅसेट चांगल्या डेकवर वाजवायची आणि कॉम्प्युटरमध्ये भरून घ्यायची. त्या फाइली एका छोट्या डबीत ठेवायच्या. डबीत हार्डडिस्क असते आणि ती चोवीस तास चालू राहते. मोबाइलवर गाणं निवडलं की डबी ते गाणं थोडं थोडं करून घरातल्या वायफायवरून रिसीव्हरकडे पाठवते. रिसीव्हर म्हणजे ॲम्प्लिफायरच, फक्त त्याला नेटवर्क कळतं. तो स्पीकर वाजवतो. याला स्ट्रीमिंग म्हणतात. समोरचा माणूस खुर्चीतून उठत नाही, एवढाच त्याचा फायदा.

मेश्राम सर शाळेत गणित शिकवायचे. राहायला इंदोऱ्याला, आमच्याच शहरात. त्यांची बायको सुलोचना विहारात आणि वस्तीतल्या कार्यक्रमांत गायची. सर पेटीवर साथ करायचे. दर रविवारी दुपारी घरी सराव व्हायचा आणि मनासारखा झाला की सर तो टेप करायचे. अशा चौऱ्याण्णव कॅसेटी. प्रत्येकीवर मास्तरी अक्षरात तारीख, गाण्याची पहिली ओळ आणि शेवटी दोन शब्द: काळी एक.

मी नावं टाकताना तारीख घेतली, ओळ घेतली. ते शेवटचे दोन शब्द सोडून दिले. सगळ्यांवर तेच होते, मग टाकून काय उपयोग, असं मला वाटलं.

हे सगळं त्यांच्या मुलानं, प्रशांतनं करवलं होतं. तो पुण्याला कंपनीत आहे. फोनवर त्यानं मला सरळ सांगितलं होतं. बाबा एकटे आहेत. एकदा गॅस चालू ठेवून झोपले. एकदा सदरला यायला म्हणून शेअर ऑटोत बसले आणि पार शहराबाहेर कामठीला उतरले. त्याला त्यांना पुण्याला न्यायचं होतं. सर जायला तयार नव्हते. ते म्हणायचे, घरात तिचा आवाज असला की मला करमतं, डेक बंद पडला म्हणून घर खायला उठलं. म्हणून प्रशांतनं रिसीव्हर घेतला, स्पीकर घेतले आणि मला बोलावलं. दिवाळीपर्यंत बघू, त्यात बाबा सुधारले तर राहू देऊ, असं त्यानं ठरवलं होतं. सरांनाही ते माहीत होतं.

घरचा डेक मी पाहिला होता. बेल्ट म्हणजे मोटरवरून चाक फिरवणारं रबर. ते विरघळून आत डांबरासारखं पसरलं होतं. जुन्या डेकचं असं होतं. तो साफ करत बसण्यापेक्षा कॅसेटी माझ्या दुकानातल्या डेकवर उतरवणं बरं. माझा डेक चांगला आहे, दर महिन्याला मी त्याची गती मापून बघते. म्हणून सरांच्या डेकवर त्यांनी पुन्हा कापड टाकलं आणि मी कॅसेटींची पेटी रिक्षातून दुकानात आणली. उतरवायला दीड महिना लागला.

पहिली अडचण साधी होती. गाणं मध्येच तुटायचं. राउटर लोखंडी कपाटामागे होता. लोखंडातून वायफाय नीट जात नाही. रिसीव्हर थोडं गाणं आधी साठवून ठेवतो, टाकीत पाणी भरून ठेवावं तसं. टाकी भरण्याआधीच नळ गेला तर घर कोरडं राहतं. मी भिंतीच्या कडेनं वायर टाकली, डबी सरळ रिसीव्हरला जोडली. तुटणं बंद झालं.

मग सर म्हणाले, ही माही बायको नाही.

मी तपासायला लागले. कधी फाइल एका गतीनं बनते आणि मशीन ती दुसऱ्या गतीनं वाजवतं. मग आवाज पातळ होतो. त्याचा एक आकडा असतो. तो कॉम्प्युटरमध्ये पाहिला, रिसीव्हरवर पाहिला. दोन्हीकडे एकच. रिसीव्हरमध्ये आवाज खुलवायच्या नाना युक्त्या असतात, त्या सगळ्या बंद केल्या. स्पीकर बदलून लावले. हेडफोन लावून दिला. सर प्रत्येक वेळी मन लावून ऐकत आणि मान हलवत.

शेवटी मी बाजारातून घेतलेल्या कॅसेटचं एक गाणं लावलं. तीही त्यांच्याच घरची होती, त्याच दिवशी माझ्या त्याच डेकवरून उतरवलेली.

"हे बरोबर आहे का?"

"हे तं एकदम बरोबर आहे," सर म्हणाले. मग थांबून म्हणाले, "आमच्या डेकवर हे जड वाटे. बाजारचं सारंच जड वाटे. आता ते बरोबर झालं, अन् हिचं बरोबर होतं ते बिघडलं."

माझ्यासारख्या बाईला एवढं वाक्य पुरायला हवं होतं. त्यांनी रोग सांगितला, औषधही सांगितलं. मी ऐकलं ते एवढंच की हे एकदम बरोबर आहे. म्हणजे मशीन बरोबर, डेक बरोबर, मी बरोबर.

सर उठले, पलंगाखालून पेटी काढली. भाता हलवून एक काळी पट्टी दाबली आणि मला म्हणाले, गाणं लावा. पेटी आणि गाणं जुळलं नाही, ते मलाही कळलं, कानाला टोचलं. मग त्यांनी शेजारची पांढरी पट्टी दाबली. जुळलं.

गाणारे लोक आपला सूर पेटीच्या पट्टीवरून सांगतात. काळी एक म्हणजे पहिली काळी. तिच्या लगेच पुढची ती पांढरी दोन.

"सुलोचना काळी एकमधी गाये," सर म्हणाले. "हे पांढरी दोनमधी येऊन राहिलं."

"पेटी जुनी झाली सर."

"दर वर्षी लावून घेतो."

"मंग त्या दिवशी बाईंनी वरून गायलं असंन."

"तिचा गळा वर जातच नव्हता, बाई. तिथंच तं भांडण होये आमचं."

"तुमची लिहिताना चूक झाली असंन मंग."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं वर्गात पाढा चुकलेल्या पोरीकडे पाहत असतील. "चौऱ्याण्णव वेळा?"

उत्तर नसलं की माणसानं गप्प बसावं. मी म्हटलं, मला गाण्यातलं कळत नाही, मशीनमधलं कळतं, आणि मशीनमध्ये काही नाही. पिशवी उचलून जिने उतरले.

दिवाळीला आठ दिवस असताना प्रशांत आला. मला बोलावून घेतलं. गेले तेव्हा सर खिडकीजवळ बसले होते, पांढरा शर्ट, दाढी केलेली. परीक्षेला बसल्यासारखे. प्रशांतनं माझ्यासमोर गाणं लावलं. बराच वेळ ऐकलं, त्याचे डोळे ओले झाले.

"आईच आहे ना बाबा ही," तो म्हणाला. "मला ऐकू येतंय ना."

"तू अठराव्या वर्षी गेला घरातून," सर म्हणाले. "तुले काय माहीत तिचा सूर."

"बाबा, आईचा आवाज मला ओळखता येणार नाही?"

"आवाज तिचा असंन. गळा तिचा नाही. वय तिचं नाही. धापा टाकल्यासारखी कुठं पळून राहिली ते पाह्य ना. ती अशी नाही गात."

प्रशांत स्वयंपाकघरात गेला आणि मलाही आत बोलावलं. हळू आवाजात म्हणाला, मावशी, हेच मी तुम्हाला सांगत होतो. गॅस समजू शकतो, ऑटो समजू शकतो. पण माणूस बायकोला ओळखेना म्हणजे मग झालंच ना. डॉक्टरांनाही दाखवायचं आहे, पुण्यात चांगले आहेत. मग बाहेर येऊन त्यानं सरांच्या समोरच मला विचारलं, मोठ्यानं, नीट:

"मावशी, तुम्ही पन्नास वर्षं हे काम करताय. मला एकच सांगा. मशीन बरोबर आहे की नाही?"

"मशीन बरोबर आहे," मी म्हटलं.

खोटं नव्हतं ते. मशीन बरोबरच होतं.

सरांनी शेजारी काढून ठेवलेली पेटी पलंगाखाली ढकलली. म्हणाले, "बाई म्हणतात तं असंन."

दिवाळी झाल्यावर प्रशांत त्यांना पुण्याला घेऊन गेला. रिसीव्हर, स्पीकर, डबी सगळं तिकडे गेलं. फ्लॅट भाड्यानं दिला. पेटी विहारात दिली. मला त्याचा फोन आला, की जुना डेक आणि कॅसेटींची पेटी शेजारच्यांकडे ठेवली आहे, तुमच्या काही कामाचं असेल तर घेऊन जा, नाहीतर कबाडीला देतील. मी जाऊन आणलं. चांगल्या डेकची हेडं आणि गिअर आजही कामाला येतात.

तीनेक आठवडे तो डेक बाकाखाली पडला होता. एका दुपारी काम नव्हतं म्हणून उघडला. आतलं डांबर स्पिरिटनं पुसलं, खालची पट्टी काढली, मोटर बाहेर घेतली. मोटरच्या पाठीला एक बारीक भोक असतं. त्याच्या आत एक स्क्रू असतो. तो इकडे फिरवला की मोटर जोरात फिरते, तिकडे फिरवला की हळू. गती बसली की मिस्त्री त्यावर रंगाचा थेंब टाकतो, म्हणजे तो हलत नाही आणि कोणी हात लावला तर कळतं. आमच्या लायनीत सगळे पांढरा ऑइलपेंट वापरत. मी नेलपॉलिश वापरायची, लाल. बाटलीला ब्रश असतो, लवकर वाळते, थेंब नेमका पडतो. त्यावरून मिस्त्री लोक मला चिडवत, की बाई टेपचीही नखं रंगवते.

त्या भोकात लाल ठिपका होता.

मी चष्मा पुसला, दिवा जवळ ओढला. माझाच. नखानं खरवडला तर नखावर लाल आलं.

मग सगळं आठवलं, ते काही एकदम नाही, तुकड्यातुकड्यानं. तीस वर्षं होऊन गेली असतील. काळे केस, बगलेत छत्री, शर्टाच्या खिशाला दोन पेन. मोटर जळली म्हणून डेक घेऊन आलेला एक मास्तर. मी नवी मोटर बसवली, गती लावली. महिन्यानं तोच मास्तर परत आला आणि म्हणाला, बाजारच्या कॅसेटी जड वाटतात. मी त्याला काय सांगितलं असेल? टेप वापरून सैल होते, नवीन कॅसेट घ्या. तेव्हा सगळ्यांना मी तेच सांगायची. तो गेला. ते मेश्राम सर होते हे मला त्यांच्या घरी जाऊनही ओळखू आलं नव्हतं, आणि त्यांनीही कधी म्हटलं नाही. त्यांना आठवत होतं की नव्हतं, मला माहीत नाही.

नवीन बेल्ट टाकला. स्क्रूला हात लावला नाही. माझ्याकडे आता कंपनीची टेस्ट कॅसेट आहे. तिच्यात एकच शिट्टी असते आणि मीटरवर तिचा आकडा तीन हजार यायला हवा. अठ्ठावीसशे तीस आला. म्हणजे डेक शंभरात सहा हळू फिरत होता. तीस वर्षं.

ज्यांना हे उलटसुलट वाटेल त्यांच्यासाठी सांगते. डेक हळू असेल तर तो रेकॉर्डही हळू करतो आणि वाजवतोही हळू. त्याच डेकवर वाजवलं तर आवाज जसाच्या तसा येतो, चूक चुकीला खाऊन टाकते. पण तीच कॅसेट बरोबर गतीच्या डेकवर घातली की आवाज पळायला लागतो, वर चढतो, बाई पोरगी होते. शंभरात सहा म्हणजे पेटीची बरोबर एक पट्टी. आणि बाजारची कॅसेट हळू डेकवर जड वाटते. मास्तर दोन्ही वेळा खरं बोलला होता आणि दोन्ही वेळा मी त्याला परत पाठवलं होतं.

मी एवढी चुकले कशी, तेही शोधलं. त्या काळात दुकानातली टेस्ट कॅसेट एका बिघडलेल्या डेकनं चावून टाकली होती. नवीन मागवायला मालक तयार नव्हता. मग मी माझी स्वतःची केली. रेडिओवर रोज सकाळी लागणारी एक धून मला पाठ होती. ती घरच्या टेपरेकॉर्डरवर भरून घेतली आणि पुढं त्या धूनवरून, कानानं, सगळ्या डेकांची गती लावली. ती कॅसेट अजून माझ्या खणात आहे. मापली. जोरात पळते. का, ते थोड्या वेळानं लक्षात आलं. भरली त्या सकाळी लाइट नव्हती. टेपरेकॉर्डर सेलवर चालू होता आणि सेल उतरलेले होते. उतरलेल्या सेलवर मशीन हळू चालतं, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगायची.

त्या कॅसेटवरून मी चार-पाच वर्षं डेक लावले. किती ते मोजलेलं नाही. कितीतरी घरांत बाळांचे बोबडे बोल, म्हाताऱ्यांचे आशीर्वाद, लग्नातली गाणी हळू चाललेल्या डेकवर भरली असतील. लोक आता ती उतरवून घेत असतील आणि म्हणत असतील, आपली आजी किती चटचट बोलायची.

चौऱ्याण्णव कॅसेटींच्या फाइली माझ्या कॉम्प्युटरवर होत्याच, तारखा सगळ्या मोटर बदलल्यानंतरच्या. शंभरात सहानं गती उतरवायची, एवढंच काम. चार दिवस लागले. नावंही पुन्हा टाकली. या वेळी शेवटचे दोन शब्द घातले. मग प्रशांतला फोन केला आणि जसं झालं तसं सांगितलं. चूक माझी आहे, बाबांची नव्हती, असं दोनदा सांगितलं.

दुसऱ्यांदा सांगितल्यावर म्हणाला, "पण मावशी, गॅस तर खराच होता ना?"

"हो. गॅस खरा होता."

"आणि कामठी?"

"कामठीही खरी."

"मग त्यांना आणलं ते बरोबरच ना," तो म्हणाला. मला त्याचा राग नाही आला. त्यानं माझ्याच शब्दावर पाऊल टाकलं होतं, आणि त्याला आता कुठंतरी उभं राहायचं होतं.

सर कसे आहेत विचारलं. म्हणाला, शांत आहेत. गाणी लावत नाहीत. सुरुवातीला लावून दिली तर उठून आत जायचे, आता बसून राहतात. डॉक्टरांनी गोळी दिली आहे. आधी प्रत्येक गोष्टीत वाद घालायचे, आता घालत नाहीत, तेवढं सोपं झालं आहे.

डबी इंटरनेटला जोडलेली होती, त्यामुळे मला पुण्याला जायची गरज पडली नाही. इथूनच जुन्या फाइली काढून नव्या टाकल्या. रविवारी दुपारी, त्यांच्या सरावाच्या वेळेला, प्रशांतनं व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल टेबलावर टेकवून ठेवला. सर सोफ्यावर दिसले. वाळले होते. मी नमस्कार केला, जयभीम म्हटलं, त्यांनीही म्हटलं.

मी त्यांना सांगितलं, सर, तुमचं बरोबर होतं. डेकची गती मीच चुकीची लावली होती, तीस वर्षांपूर्वी. पेटीही बरोबर होती, लिहिलेलंही बरोबर होतं. आता दुरुस्त केलं, ऐका.

प्रशांतनं कॅसेट सतरा लावली. फोनमधून येणारा आवाज बारीक असतो, तरी मला फरक कळला. गाणं शांत झालं होतं. बाई बसून गात होती, तिला कुठं जायची घाई नव्हती. मी सरांच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांनी डोळे मिटले. उजव्या हाताची बोटं मांडीवर दोनदा हलली, पट्टी दाबल्यासारखी, आणि थांबली. गाणं संपेपर्यंत ते तसेच होते.

"सर, आता? आता आहे का ती?"

त्यांनी डोळे उघडले. आधी प्रशांतकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मले काहून इचारता बाई," ते म्हणाले. "मागच्या वेळीही मशीन बरोबरच होतं म्हणे."

"तवा मी चुकली, सर. तुमी बरोबर होते."

"असंन," सर म्हणाले. "पेटी असती तं लावून पाह्यली असती. प्रशांत, पेटी कुठं आहे रे?"

"विहारात दिली ना बाबा. तुम्हीच हो म्हणालात."

"हाव का," सर म्हणाले. "मंग तुमीच पाहा तुमचं. मले आता काही सांगता येत नाही."

प्रशांतनं फोन उचलला. नंतर बोलतो म्हणाला. कॉल बंद झाला.

विहारातली पेटी मी मागायला गेले होते. तिथं मुलं शिकतात त्यावर. त्यांनी दिली असती, पण पेटी पुण्याला नेऊन मी काय सिद्ध करणार होते आणि कोणासमोर. सरांचा स्वतःच्या कानावरचा भरवसा मी काढून घेतला होता. फाइल दुरुस्त होते, हे होत नाही. मी परत आले.

तो डेक माझ्या बाकावर आहे. त्याची हेडं काढली नाहीत. स्क्रूही तसाच ठेवला. त्या चौऱ्याण्णव कॅसेटी बरोबर वाजवणारं तेवढं एकच यंत्र आहे.

वर्षाकाठी चार-दोन डेक अजून दुरुस्तीला येतात. ठिपका मी आताही लावते, पण बाटल्या दोन ठेवल्या आहेत. गती मीटरवर मापून लावली असेल तर लाल. मीटर बंद असेल, गिऱ्हाईक घाईत असेल आणि कानानं लावली असेल तर पांढरा. तुमच्या घरच्या डेकमध्ये पांढरा ठिपका दिसला आणि आवाज पटत नसेल, तर परत घेऊन या. आणि माझ्या हातचा जुना, लाल ठिपक्याचा डेक असेल, तरीही घेऊन या.